हातावर पाणी

आमच्या घरातली जुनी माणसं साल सांगत नसत. आजीला लग्नाचं साल विचारलं की ती म्हणायची, "मोठा वाखा झाला, त्याच्या दुसऱ्या वर्षी." वाखा म्हणजे पटकीची साथ. थोरल्या चुलत्यांचा जन्म नारूच्या हंगामातला, कारण तेव्हा आजोबा सुजलेला पाय घेऊन खाटेवर पडून होते आणि पेरणी भावकीने उरकली होती. एक आत्या देवीच्या साथीतली. लहानपणी या सगळ्या सुट्या सुट्या गोष्टी वाटायच्या. पुढं आरोग्याचं काम करणाऱ्या बायकांबरोबर गावोगाव फिरू लागले तेव्हा ध्यानात आलं, की देवी सोडली तर आजीच्या पंचांगातली बहुतेक दुखणी एकाच वाटेने आली होती. एकाच्या अंगातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात. नाहीतर थेट हातावरून.

आमचं गाव माळशिरस तालुक्यातलं, नीरा उजव्या कालव्याच्या वरच्या अंगाला. कालव्याखाली ऊस, वर कुसळं. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी पंढरपूरला जाते, तो रस्ता गावापासून चालत जाण्याएवढा जवळ. पालखीच्या दिवशी गाव भाकऱ्यांची दुरडी घेऊन रस्त्यावर उभं राहायचं. हजारो माणसं एका रात्रीत एका माळावर उतरायची, तिथंच परसाकडे जायची, तिथल्याच ओढ्याचं पाणी प्यायची आणि सकाळी पुढं निघायची. मागं गावाला भोगावं लागायचं. "सकाळी जात्यावर बसलेली बाई दिवेलागणीला न्हाई," आजी सांगायची. "उलट्या, जुलाब, हातापायांत गोळे. डोळे खोल जायचे. पाणी मागायची, तर लोक म्हनायचे, पाणी देऊ नगा, पाण्यानंच वाढतंय."

हे वाक्य मला फार वर्षं छळत आलं आहे. पटकीचा रोगी मरतो तो अंगातलं पाणी आणि मीठ निघून गेल्याने. ज्याने तो वाचला असता तेच त्याच्यापासून दूर ठेवलं जायचं. मीठ-साखरेचं पाणी, ज्याला आपल्याकडे जलसंजीवनी म्हणतात, त्याने माणसं किती वाचतात हे १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी दाखवून दिलं. आजीच्या दोन जावा त्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या.

साथ आली की मरीआईचा गाडा निघायचा. लाकडी गाड्यावर देवी, हळदी-कुंकू, लिंबं, नैवेद्य. गाव तो ओढत शिवेपर्यंत न्यायचं आणि शिवेपलीकडे ढकलून द्यायचं, मग पुढच्या गावाने तो त्याच्या पुढच्या शिवेवर न्यायचा. यात निव्वळ भाबडेपणा होता असं मला वाटत नाही. रोग माणसांबरोबर गावागावांतून चालत जातो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाण्यातला जंतू तेवढा त्यांना दिसत नव्हता. रॉबर्ट कॉखला तो १८८४ साली कलकत्त्यात एका तळ्याच्या पाण्यात सापडला, पण ती बातमी आमच्या बारवेपर्यंत यायला पुढची दोन माणसांची आयुष्यं गेली. आजोबांच्या आठवणीत आषाढीला जायचं तर पटकीची सुई टोचून घ्यावी लागे आणि लोक दंड चोळत चोळत गाडीत चढत.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बायका घागर घेऊन खाली उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभ्या राहायच्या आणि तिथंच घागर बुडवायच्या. नारूला हेच लागतं. नारू झालेल्याचा पाय पाण्यात बुडाला की फोडातून किडा हजारो अळ्या सोडतो, त्या पाण्यातल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या किड्यांच्या पोटात जातात, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने पुन्हा तसाच किडा बाहेर येतो. आजोबांच्या नडगीतून तो आला होता. पांढरा, शेवईएवढा जाड, हातभर लांब. ओढला तर तुटतो आणि पाय कुजतो, म्हणून काडीला एक वेढा द्यायचा, वर चिंधी बांधायची, दुसऱ्या दिवशी आणखी एक वेढा. ऐन पेरणीत घरचा कर्ता माणूस पायाला काडी बांधून बसलेला. आजोबा ती जागा दाखवायचे, तिथं कातडी पातळ आणि चकचकीत झालेली होती.

नारू गेला तो औषधाने नाही. त्यावर लसही नाही. बारवेच्या पायऱ्या बुजवल्या, वरून कठडा बांधला, रहाट बसवला, हातपंप आले, फडक्याने पाणी गाळायला घरोघर शिकवलं. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. पाण्यात पाय बुडवायची गरज संपली आणि एक रोग या देशातून गेला. सवयी बदलण्याबद्दल जेव्हा जेव्हा भाषणं ऐकते तेव्हा मला आजोबांची ती नडगी आठवते. त्यांना कुणी नुसती सवय बदलायला लावली नाही, विहीर बदलली.

आता हातांबद्दल. मला खरं तर हेच सांगायचं आहे.

आमच्या घरात हात धुण्याची शिस्त कडक होती. बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. जेवणाआधी हात, जेवल्यावर हात आणि चूळ. परसाकडून आलं की मातीने नाहीतर राखेने हात चोळायचे. न्हाणीच्या कोपऱ्यात नारळाच्या करवंटीत चुलीची चाळलेली राख कायम असायची. ही राख टाकाऊ नव्हे. ती तेलकटपणा सोडवते आणि चोळल्याने मळ निघतो. साबण नसेल तिथं तिचा आधार घ्यायला आजही हरकत नाही. मातीचं मात्र तसं नाही. गोठ्याच्या किंवा पाणंदीच्या कडेच्या मातीत जंतांची अंडी असतात, आणि हात धुतल्याचं समाधान घेऊन माणूस तीच नखांत घालून येतो.

पण हे हात धुणं नीट बघायला हवं. तांब्या एका हातात धरला की धुवायला एकच हात उरतो. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे, बोटांच्या बेचक्यात, नखांखाली, मनगटापर्यंत राख न्यायची, तर पाणी घालायला तिसरा हात लागतो. आजोबा रानातून आले की आजी किंवा आई तांब्या घेऊन उभी राहायची. बारीक धार धरायची. आजोबा राख घ्यायचे, धार थांबायची. ते कोपरापर्यंत चोळायचे, धार पुन्हा सुरू व्हायची. चुलते, जावई, पै-पाहुणे, सगळ्यांच्या हातावर असं पाणी पडायचं. घरच्या बाईच्या हातावर पाणी घालायला कुणी उभं राहात नसे. ती डाव्या हाताने तांब्या कलता करायची, उजवा ओला करायची, मग हात बदलायची, आणि पदराला पुसून पुन्हा चुलीपुढं बसायची. गोवऱ्या थापणारे हात तेच, तान्ह्याचं धुणारे तेच, भाकरी थापणारेही तेच. जेवणाऱ्यांचे हात स्वच्छ आणि रांधणारीचे अर्धेमुर्धे धुतलेले, अशी ती व्यवस्था होती. घरात कुणालाही ती खटकत नव्हती, कारण हात धुण्याचा मान होता आणि मान बाईकडे येत नव्हता.

पाण्याचा हिशेबही त्यातच आला. घरात लागणारी प्रत्येक घागर बारवेतून आजीच्या किंवा तिच्या सुनांच्या डोक्यावरून यायची. उन्हाळ्यात बारव आटली की मैलभर लांबच्या मळ्यातून. ज्या पाण्यासाठी मान मोडलेली असते ते पाणी स्वतःच्या हातांवर कोण ओतेल? आधी पिण्याला, मग स्वयंपाकाला, जनावरांना, पुरुषांच्या आंघोळीला. तिच्या हातांचा नंबर शेवटी.

त्यात शिवाशिव. रांजणाला कुणी शिवायचं आणि कुणी नाही याचे नियम इतके बारीक होते की घरातल्या लहान पोरांनाही ते पाठ. नजर सगळी माणसाच्या जातीवर. हाताला काय लागलंय इकडे कुणाचं लक्ष नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीवरच्या बायका बारवेच्या काठावर घागरी मांडून ताटकळायच्या, आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जायचं. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला. आमच्या बारवेवर तो नियम त्यानंतरही कैक वर्षं टिकला. ज्यांना पाणी भरू दिलं नाही त्यांच्याच घरची म्हातारी गावची सुईण होती. बाळंतपणात तिचे हात चालायचे. बारा दिवसांनी चालायचे नाहीत.

त्या सुईणीबद्दल आजी नेहमी मायेनं बोलायची. आजीची दोन मुलं जन्मल्यावर आठवडाभरात गेली. "दूध वढंना, जबडा बसला, अंग ताठ झालं. सटवीनं निऊन टाकलं." पाचवीला सटवाई नशीब लिहिते आणि आठव्या दिवसाच्या आसपास ते मूल ताठ होऊन जातं, हा मेळ गावोगाव ठाऊक होता. तो नाळेवाटे शिरणारा धनुर्वात. नाळ कापायला विळा, वर लावायला शेण किंवा राख, आणि गोठ्यातून उठून आलेले हात. यात सुईणीचा दोष मी मानत नाही. तिला उकळलेलं पातं कुणी दिलं नव्हतं, आणि तिच्या हातावर गरम पाणी घालायला घरातलं कुणी पुढं येत नव्हतं, विटाळ होईल म्हणून. गरोदरपणात टोचायची धनुर्वाताची लस, नवं पातं, स्वच्छ दोरा, साबणाने धुतलेले हात, कोरडी ठेवलेली नाळ एवढ्याने हे मरण थांबतं. २०१५ साली भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं प्रमाणित झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळांची देखभाल शिकवली, त्यातही मुलाला घेण्याआधी हात धुणं हा धडा होताच. आजी हे सगळं ऐकायला असती तर काय म्हणाली असती, कोण जाणे. तिने त्या दोन मुलांची नावं ठेवली होती आणि ती फक्त मला सांगितली.

परसाकडे जाण्याच्या गोष्टी आजीपेक्षा धाकटी काकी जास्त सांगते. सासरी आल्यावर पहिली शिकवण मिळाली ती हीच: पहाटे कोंबडं आरवायच्या आत, नाहीतर दिवस बुडाल्यावर. बायका टमरेल घेऊन घोळक्याने पाणंदीला जायच्या. गाडीचा उजेड पडला की सगळ्या उठून उभ्या राहायच्या, गाडी गेली की पुन्हा बसायच्या. पावसाळ्यात चिखल, विंचूकाटा. पोट बिघडलं तर दिवसभर कळ काढायची. "सांजच्याला भाकरी अर्धीच खायची, पाणी तर घोटभर," काकी सांगते. "रातीला उठायची पाळी नगं म्हनून." गरोदरपणातही तेच. तिला लघवीच्या जळजळीचा त्रास तरणेपणापासून आहे. गावातल्या तिच्या वयाच्या किती बायकांना तो आहे हे विचारायला गेलं की सगळ्या आधी हसतात आणि मग बोलायला लागतात.

आजोबांकडे या विषयावरची एकच गोष्ट होती, गाडगे महाराजांची. पंढरपूरला वाळवंटात त्यांनी बाबांना पाहिलं होतं: अंगावर ठिगळांचा अंगरखा, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. मंदिराकडे पाठ, तोंड कचऱ्याकडे. दिवसभर झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत राहायचं, असा त्यांचा रिवाज. आजोबा सांगायचे, झाडणाऱ्या माणसाकडे बघत उभं राहायची लाज वाटून चार वारकऱ्यांनी खराटे हातात घेतले, त्यात ते स्वतःही होते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस १९५६ पर्यंत झाडत राहिला. पंढरपुरात अस्पृश्यांना उतरायला जागा मिळत नव्हती म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढं ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वच्छता आणि शिवाशिव या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत.

कोकणात अप्पा पटवर्धनांनी तेच दुसऱ्या टोकाने केलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मला करू द्या म्हणून ते अडून बसले, उपास धरला, आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढं कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी असा संडास बसवण्याचा ध्यास घेतला, की ज्याचा मैला कुणाला डोक्यावर वाहावा लागणार नाही आणि ज्याचं खत होऊन शेतात जाईल. त्यांच्या वाटेने देहूला डॉ. मापुसकर गेले. तिथल्या सरकारी दवाखान्यात १९५९ साली आलेले हे डॉक्टर जंत-जुलाबाचे तेच तेच रोगी बघून संडासांच्या मागे लागले. सुरुवातीचे संडास पावसात ढासळले. दुसरा कुणी असता तर लोकांच्या अडाणीपणावर खापर फोडून बदली मागून घेतली असती. डॉक्टरांनी बांधणी बदलली, मैल्यावर चालणारं गोबरगॅससारखं संयंत्र घरोघर नेलं आणि तुकोबांच्या गावात आयुष्य काढलं. २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांचं नाव पुष्कळांनी पहिल्यांदा ऐकलं.

आमच्या गावात बदल आधी पाण्याच्या बाजूने आला. बहात्तरच्या दुष्काळात बोअर मारायची गाडी आली. सुकडी खाऊन खडी फोडणाऱ्या बायकांनी काम टाकून ती बघायला गर्दी केली, असं आई सांगते. पहिले पंप बिडाचे, चार महिन्यांत मोडायचे. जालन्याच्या मिशनने आणि मग सोलापूरच्या वेल सर्व्हिसने जो दणकट पंप बनवला, त्यावरूनच पुढं इंडिया मार्क टू तयार झाला आणि देशभर, देशाबाहेरही गेला. आपल्या सोलापूर जिल्ह्याला याचा अभिमान वाटायला हवा, पण हे फारसं कुणाला माहीत नाही. पंप गावाच्या मधोमध बसला. त्यावर कोण आधी हे भांडण झालं, पण पायऱ्या उतरणं संपलं.

संडास आले ते पुष्कळ नंतर. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा गाव रंगलं, भिंती रंगल्या, आणि घरामागे पत्र्याचं दार असलेल्या खोल्या उभ्या राहिल्या. बऱ्याच खोल्यांत वर्षभरात सरपण आणि गोवऱ्या गेल्या. लोकांना किंमत नाही असं तेव्हा अधिकारी म्हणायचे. काकीचं म्हणणं वेगळं होतं: "पाणी म्या वाहायचं आणि जायचं समद्यांनी." एका माणसाला दीड-दोन लिटर धरलं, घरात आठ माणसं, तर एक हंडा नुसता त्यासाठी. पुरुष मोकळ्यावर जात राहिले. बायकांनी मात्र रात्रीपुरती, पावसापुरती, बाळंतपणापुरती ती खोली कधी सोडली नाही.

नंतर बारा हजारांचं अनुदान आलं आणि गुड मॉर्निंग पथकंही आली. पहाटे शिट्ट्या, टमरेल घेऊन चाललेल्याला गुलाबाचं फूल, मोबाइलवर फोटो. मला हे कधीच पटलं नाही. त्या फोटोंत सापडायचे ते ऊसतोडीवरून परतलेले, भाड्याने राहणारे, घराला परस नसलेले, म्हणजे ज्यांच्याकडे जागाच नव्हती असे. एका म्हातारीने पदर तोंडावर ओढून घेतलेला फोटो गावाच्या ग्रुपवर फिरत होता. लाज ही गाडगेबाबांनीही वापरली, पण ते आधी स्वतः खराटा मारत होते.

हात धुण्याची खरी सोय मी २०२० साली, कोरोनात, आमच्या अंगणवाडीत पाहिली. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन, वरच्या अंगाला खिळ्याने पाडलेलं भोक, दोन खांबांत आडव्या काठीला टांगलेला. कॅनच्या गळ्यातून दोरी खाली एका काठीला. काठी पायाने दाबली की कॅन कलतो, धार येते, पाय उचलला की थांबते. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत शेजारी. चार वर्षांची पोरं दोन्ही हातांना फेस करून, बोटांत बोटं घालून, नखं तळव्यावर घासून हात धुताना पाहिली आणि डोळे भरून आले. कुणाच्या हातावर कुणी पाणी घालत नव्हतं. काकीने तसाच कॅन गोठ्याच्या आढ्याला बांधून घेतला, धार काढण्याआधी आणि शेण भरल्यावर हात धुवायला. आता अंगणात नळ आलाय, दिवसाआड तासभर सुटतो. ती पिंप भरून ठेवते, आणि नातवाचं धुतलं की आधी साबणाला हात घालते. तान्ह्याची शी काही घाण नसते, असं आजी मानायची. काकी तसं मानत नाही. ती शी आता उकिरड्यावर जात नाही, संडासात जाते.

राहिला प्रश्न खाली साचणाऱ्याचा. दोन शोषखड्ड्यांचा संडास आपल्याकडच्या जमिनीला फार सोयीचा. तीन फूट रुंद, तीन-चार फूट खोल, जाळीच्या बांधणीचे दोन खड्डे, मधे पाणी वळवायची चेंबर. एक खड्डा घरच्या पाच-सहा माणसांना पाचेक वर्षं पुरतो. भरला की बोळा त्याच्याच तोंडाला लावायचा आणि पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. मग उघडला तर कोरडी, वास नसलेली काळी माती निघते. चुलतभावाने ती स्वतः काढली आणि डाळिंबाला घातली. पण गावात असे खड्डे थोडेच. बाकीच्यांनी खोलीएवढ्या बंद टाक्या बांधल्या, कारण खड्डा उपसावा लागेल, आपल्या हाताने की कुणाच्या, ही जुनी शिवाशिव अजून मनात आहे. टाकी मोठी म्हणजे काळजी मिटली असं त्यांना वाटलं. ती काही मिटली नाही. टाक्या भरल्या तसे मैला उपसणारे टँकर यायला लागले.

गेल्या ग्रामसभेत काकीने विचारलं, टँकर भरून जातो तो रिकामा कुठं होतो? थोडी चुळबूळ झाली. मग एका पोराने सांगितलं, वरच्या ओढ्यात. त्या ओढ्याच्या काठावर गावाच्या नळाची विहीर आहे. सभेने नव्या घरांना दोन शोषखड्डेच बांधायचे असा ठराव लिहून घेतला. टँकरचं काय, ते पुढच्या सभेवर गेलं आहे, आणि त्या सभेआधी वस्तीवरच्या आणि गावातल्या बायकांच्या सह्यांचा एकच कागद करायचा म्हणून काकी घरोघर हिंडते आहे.